त्र्यंबकचा धुंडिराज : चाळिशीनंतर सुरू झालेली गोष्ट

त्र्यंबकला जाणारा माणूस कुशावर्तावर हातपाय धुतो, ज्योतिर्लिंगाचं दर्शन घेतो, जमलं तर ब्रह्मगिरी चढतो आणि पेढ्याचा पुडा घेऊन परत फिरतो. याच गावात ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला, हे पुष्कळांना ठाऊक असतं. दादासाहेब फाळके म्हणजे भारतीय सिनेमाचे जनक, एवढं शाळेत पाठ झालेलं असतं. पण हा माणूस पहिला सिनेमा काढेपर्यंत त्रेचाळीस वर्षांचा झाला होता, त्याआधी पाच-सहा धंदे करून बसला होता आणि त्यातल्या एकातही टिकला नव्हता, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

आज गावोगावी तिशी ओलांडलेली पोरं आपलं काही खरं नाही म्हणून पारावर हताश बसलेली दिसतात. त्यांनी फाळक्यांची ही गोष्ट एकदा नीट वाचायला हवी. ती यशाची गोष्ट आहेच, पण त्याहून जास्त कामात रमलेल्या माणसाची आहे. आणि त्या रमण्याची किंमत काय पडली, कोणी कोणी मोजली, याचीही आहे.

भिक्षुकाच्या घरातला चित्रकार

वडील गोविंद सदाशिव फाळके. लोक त्यांना दाजीशास्त्री म्हणत. संस्कृतचे पंडित, घरात पूजाअर्चा आणि पाठांतर. पोरानेही हेच करावं अशी त्या घराची रीत होती, आणि दाजीशास्त्र्यांनी मुलाला धार्मिक विधी शिकवलेही. पुढे त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवायची नोकरी लागली आणि बिऱ्हाड त्र्यंबकहून मुंबईला हललं.

धुंडिराजाचा ओढा मात्र चित्रांकडे होता. १८८५ मध्ये तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. वय पंधरा. तिथून थोरले बंधू शिवरामपंत यांच्याकडे बडोद्याला. तिथल्या कलाभवनात त्याने चित्रकला शिकली, माती-प्लास्टरच्या प्रतिकृती करायला शिकला आणि फोटोग्राफीच्या नादी लागला. १८९२ मध्ये अहमदाबादच्या प्रदर्शनात त्याने नाट्यगृहाची एक प्रतिकृती ठेवली, तिला सोन्याचं पदक मिळालं. कलाभवनाचे प्राध्यापक गज्जर यांनी या पोराची चुणूक ओळखली आणि छपाईचे ठसे व तीन रंगांचं काम शिकायला त्याला रतलामला धाडलं.

म्हणजे पंचविशीपर्यंत या माणसाच्या हातात चित्र, फोटो, मूर्ती आणि छपाई अशा चार विद्या आल्या होत्या. पैसा मात्र एकीतूनही आलेला नव्हता.

एका मागून एक धंदे

१८९५ मध्ये फाळक्यांनी गुजरातेत गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. बस्तान बसतंय न बसतंय तोच प्लेगची साथ आली. त्या साथीत त्यांची बायको आणि मूल दोघंही गेली. घर रिकामं झालं. ते बडोद्याला परतले.

तिथे पुन्हा फोटोचं दुकान मांडलं तर गिऱ्हाईक येईना. फोटो काढला की अंगातली शक्ती निघून जाते, माणूस लवकर मरतो, अशी लोकांची समजूत. मग फाळके नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. जादूचे खेळही शिकले. स्वतःच्या आडनावाची अक्षरं उलटी करून प्रोफेसर केळफा असं नाव घेतलं आणि लोकांसमोर प्रयोग करू लागले. घर बुडालेला माणूस काही दिवसांनी लोकांना हसवायला, चकित करायला उभा राहतो, यातूनच त्यांचा स्वभाव कळतो.

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. सासरी आलेल्या मुलीचं नाव सरस्वती ठेवलं गेलं. या सरस्वतीबाईंचं नाव लक्षात ठेवा. पुढची निम्मी गोष्ट त्यांची आहे.

१९०३ मध्ये फाळक्यांना सरकारी पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली, फोटो काढायची आणि आराखडे काढायची. महिन्याला पगार, डोक्यावर छप्पर. कोणीही म्हणेल, आता गप बसावं. पण देशात स्वदेशीची चळवळ पेटली आणि फाळक्यांनी ती नोकरी सोडून लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या छापखान्याचं काम ते करून देत. छापखाना पुढे मुंबईला दादरला आला, भागीदार मिळाला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असं नाव लागलं. रंगीत छपाईची यंत्रं आणायला फाळके १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. काम उत्तम व्हायचं, नाव झालं. मग भागीदाराशी पटलं नाही आणि त्यांनी अंगावरच्या कपड्यानिशी ते सोडून दिलं.

वय चाळीस. घरात बायको-मुलं. हातात काही नाही. नातेवाईकांत अशा माणसाला धरसोडीचा म्हणतात, आणि तेव्हाही म्हटलंच असेल.

पण एक पाहा. ते ज्या ज्या कामाला लागले ते पूर्ण शिकले. फोटोमुळे उजेड कळला, पडद्यांमुळे देखावा कळला, जादूमुळे लोकांचे डोळे कसे फसतात ते कळलं, छापखान्यामुळे रसायनं आणि यंत्रं कळली. या सगळ्यांची मोट एकाच ठिकाणी बांधता येते, अशी जागा मात्र त्यांना अजून दिसली नव्हती.

गिरगावातला तंबू आणि अंधारलेले डोळे

१९१०-११ च्या सुमारास एक दिवस ते मोठ्या मुलाला, भालचंद्रला घेऊन गिरगावात हलती चित्रं बघायला गेले. घरी येऊन पोराने आईला सांगितलं तर कोणाचा विश्वास बसेना. मग सगळं घरच बघायला गेलं. त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचं चित्र लागलं होतं. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या येत होती. आपले देव, आपली माणसं या पडद्यावर कधी येणार, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घुसला तो निघालाच नाही.

त्यानंतरचे महिने त्यांनी खुळ्यासारखे घालवले. मिळेल तो सिनेमा बघायचा. घरी छोटा कॅमेरा, फिल्मचे तुकडे, पुस्तकं, मेणबत्ती, भिंग. रात्र रात्र जागरण. डोळ्यांवर इतका ताण पडला की दिसेनासं झालं. डॉक्टरांचे उपचार आणि वेगवेगळे चष्मे यांमुळे दृष्टी परत आली. आणि दिसायला लागताच गडी पुन्हा त्याच कामाला लागला.

आता विलायतेला जाऊन यंत्रं आणायची होती. पैसा कोण देणार? सिनेमा म्हणजे काय हेच लोकांना ठाऊक नव्हतं. फाळक्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी यशवंतराव नाडकर्णी यांच्याकडे तारण ठेवल्या आणि दहा हजारांचं कर्ज काढलं. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनच्या बोटीत बसले.

लंडनमध्ये ओळखपाळख शून्य. सिनेमाच्या एका साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी दिसली, सरळ आत शिरले. संपादक कॅबर्न नावाचे गृहस्थ होते. या धंद्यात तिथेच माणसं बुडताहेत, तुम्ही पडू नका, असं त्यांनी आधी समजावून पाहिलं. मग समोरच्या माणसाचा ध्यास पाहून त्यांनीच सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओची वाट दाखवली. कॅमेरा, कच्ची फिल्म, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र असं सामान घेऊन फाळके १ एप्रिल १९१२ ला परत आले. अनोळखी माणसाशी मन मोकळं करून बोलायचं आणि त्याला आपल्या कामात ओढून घ्यायचं, ही त्यांची हातोटी होती. पुढे ती फार उपयोगी पडली.

कुंडीतला वाटाणा

सामान आलं, पण सिनेमा काढायला आणखी पैसे लागणार होते. लोकांना पटवायचं कसं? फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कुंडीसमोर कॅमेरा मांडला. रोज थोडं थोडं चित्रण, असं महिनाभराहून जास्त. कोंब फुटतोय, वर येतोय, पानं उलगडतायत, वेल चढतोय. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसू लागली. या फितीचं नाव 'अंकुराची वाढ'.

आपण शेतकरी माणसं. बी पेरल्यावर रोज सकाळी वाफ्याकडे डोकावून बघण्यात काय सुख असतं ते कोणी आपल्याला सांगायला नको. फाळके तसंच रोज कुंडीकडे बघत होते, फरक इतकाच की त्यांनी ते सुख जपून ठेवलं आणि दुसऱ्यांना दाखवलं. ती फीत पाहून नाडकर्णी पुढचं कर्ज द्यायला तयार झाले. उरलेल्या पैशांसाठी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

आचाऱ्याची राणी झाली

पहिल्या सिनेमाला गोष्ट निवडली राजा हरिश्चंद्राची. सत्यासाठी राज्य सोडलं, बायको-मुलाला विकलं, स्मशानात डोंबाची चाकरी केली, असा राजा. घरातलं किडूकमिडूक विकून सिनेमा काढणाऱ्या माणसाने हीच गोष्ट निवडावी, यात नवल नाही.

हरिश्चंद्राचं काम दत्तात्रय दामोदर दाबके यांनी केलं. रोहिदासाचं काम घरच्याच भालचंद्रने. पण तारामती कुठून आणायची? बाईमाणसाने सिनेमात काम करायचं म्हणजे अब्रू गेली, असा तो काळ. जाहिरात देऊन झाली, कलावंतिणींच्या वस्तीत जाऊन विनवण्या करून झाल्या. तिथल्या बायकाही नको म्हणाल्या.

अशात फाळके मुंबईत ग्रँट रोडच्या एका खानावळीत चहा पीत होते. तिथला आचारी त्यांच्या नजरेस पडला. सडपातळ बांधा, नाजूक हात. नाव अण्णा साळुंके. खानावळीत त्याला महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि चुलीपुढचा माणूस भारतातली पहिली सिनेमाराणी झाला. मिशी काढायला तो तयार नव्हता, घरच्यांना काय सांगू म्हणून अडून बसला होता, फाळक्यांनी त्याची समजूत घातली, अशी गोष्ट सांगितली जाते.

हाच अण्णा साळुंके पुढे १९१७ च्या 'लंका दहन' मध्ये रामही झाला आणि सीताही. एकाच सिनेमात दोन्ही कामं. खानावळीतल्या धुरात त्याच्यात हे कोणाला दिसलं असतं? फाळक्यांना दिसलं, कारण माणूस निरखणं हा त्यांचा छंदच होता. आपल्या गावातही असे अण्णा असतात. भजनात उत्तम पखवाज वाजवणारा गवंडी, हुबेहूब नकला करणारा कंडक्टर. त्यांना फक्त बघणारा माणूस भेटायचा असतो.

सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक नावं ठेवत, म्हणून घरी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे असं सांगा, असं फाळक्यांनी आपल्या माणसांना शिकवून ठेवलं होतं. याच नावावरून परेश मोकाशी यांनी २००९ मध्ये 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा मराठी सिनेमा काढला आणि तो भारताकडून ऑस्करला गेला.

सरस्वतीबाईंची पाळी

दादरच्या त्या घरात साठ-सत्तर माणसांचा राबता होता. त्या सगळ्यांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करायच्या. कपडेपट धुवायचा, तोही त्यांनीच. हे झालं घरचं. रात्री मेणबत्तीच्या उजेडात फिल्मला भोकं पाडायची, फिल्म धुण्याची रसायनं मापात मिसळायची, हे कामही त्यांचंच. उन्हात चित्रण चालू असताना पांढरी चादर ताणून उजेड पाडायलाही त्या तासन् तास उभ्या राहत, असं सांगतात.

आज सिनेमाच्या शेवटी पाट्या सरकतात. त्यात प्रकाशयोजना, प्रयोगशाळा, संकलन, भोजनव्यवस्था अशी शेकडो नावं असतात. त्यातली निम्मी कामं या एकट्या बाईने केली. त्या काळी त्यांच्या नावाची पाटी लागली नाही.

फाळक्यांनी बायकोला यंत्राचं काम शिकवलं, चूल आणि मूल एवढ्यावर थांबवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण चूल आणि मूल सुटलं मात्र नाही, ते वर राहिलंच. नवऱ्याला कामात ब्रह्मानंद मिळत होता तो याच बाईच्या कष्टांवर उभा होता, हे विसरून फाळक्यांचं कौतुक करता येणार नाही. आपल्या शेतातही हेच चालतं. नाव मालकाचं, निंदणी-खुरपणी बाईची.

सहा महिने आणि सत्तावीस दिवस काम चाललं. सुमारे ३,७०० फूट लांबीची, चार रिळांची फिल्म तयार झाली. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निवडक लोकांना ती दाखवली आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला. आवाज नव्हता. मध्ये मध्ये लिहिलेल्या पाट्या येत, ज्याला वाचता येई तो शेजारच्याला सांगे. लोकांनी गर्दी केली.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. याच्या वर्षभर आधी, मे १९१२ मध्ये दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' त्याच कोरोनेशनमध्ये लागला होता. पण ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली होती. म्हणून पहिल्या पूर्ण भारतीय कथाचित्रपटाचा मान 'राजा हरिश्चंद्र'ला दिला जातो. तोरण्यांचं कामही छोटं नव्हतं.

सिनेमा नाशिकला आला

पहिला सिनेमा चालल्यावर फाळक्यांनी मुंबईतच बंगला बांधला असता तर कोणी नावं ठेवली नसती. ते मात्र बाडबिस्तरा घेऊन नाशिकला आले. गोदेचे घाट, देवळं, वाडे, आसपासचे डोंगर आणि स्वच्छ ऊन. पुराणातल्या गोष्टी सांगायला आणखी काय हवं? तेव्हा चित्रण सूर्याच्याच उजेडात व्हायचं.

१९१३ च्या अखेरीस आलेल्या 'मोहिनी भस्मासुर' मध्ये अखेर बायका पडद्यावर आल्या. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. हरिश्चंद्राच्या वेळी जे जमलं नव्हतं ते काही महिन्यांतच जमलं. पाठोपाठ 'सत्यवान सावित्री'.

१९१४ मध्ये फाळके हे सिनेमे घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथल्या जाणकारांनी कामाची वाहवा केली. हेपवर्थ यांनी तर तिथेच राहून सिनेमे काढा म्हणून महिना तीनशे पौंड आणि नफ्यात वीस टक्के वाटा देऊ केला. त्या काळचे तीनशे पौंड! फाळक्यांनी नकार दिला. सिनेमा काढायचा तर आपल्या मातीत, आपल्या माणसांना घेऊन, हे त्यांचं ठरलेलं होतं.

परत येतात तो पहिलं महायुद्ध सुरू झालं. सावकारांनी हात आखडते घेतले, काम ठप्प झालं. तो काळ फार ओढाताणीचा गेला. तरी हा माणूस बसून राहिला नाही. छोट्या छोट्या फिती काढत राहिला. आगकाड्या आपोआप हलतायत, जुळतायत, आकार धरतायत अशी 'आगकाड्यांची मौज' त्यांनी १९१५ मध्ये केली. खिशात पैसा नाही आणि हातात आगपेटी आहे, तर आगपेटीचा सिनेमा. यालाच कामाची गोडी म्हणायचं.

१९१७ मध्ये 'लंका दहन' आला आणि दिवस पालटले. राम पडद्यावर आला की लोक पायातल्या चपला काढून हात जोडत, असं सांगतात. सकाळी सातपासून रात्री उशिरापर्यंत खेळ लागत. मद्रासकडे तिकिटांची जमलेली नाणी बैलगाडीत घालून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, अशीही आठवण आहे.

मंदाकिनीचा कृष्ण

१ जानेवारी १९१८ रोजी मुंबईच्या काही भांडवलदारांच्या भागीदारीत नाशिकला हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. पैशांची चिंता मिटली असं वाटलं. 'श्रीकृष्ण जन्म' आला, १९१९ मध्ये 'कालिया मर्दन' आला. त्यात बाळकृष्णाचं काम फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिने केलं.

'कालिया मर्दन'चा बराच भाग आजही शिल्लक आहे. सुरुवातीला मंदाकिनीचा नुसता चेहरा दिसतो. ती हसते, रुसते, रागावते. आधी आपल्यासमोर एक साधी पोर असते आणि बघता बघता तिचा कृष्ण होतो. मग तो खोड्याळ कृष्ण गोकुळात धुमाकूळ घालतो, डोहात उडी घेतो, कालियाच्या फण्यांवर नाचतो. शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी ती पोर पाहताना आपण हसतो. एका बापाने आपल्या लेकीकडे किती कौतुकाने पाहिलं असेल, ते त्या चित्रात उतरलंय.

सिनेमा कसा बनतो हे लोकांना कळावं म्हणून फाळक्यांनी एक छोटी फीतही काढली होती. तिचे तुकडे आज पाहायला मिळतात. त्यात स्वतः फाळके दिसतात. नटांना काम समजावून देतायत, फिल्म हाताळतायत. आपलं कसब झाकून ठेवावं, दुसरा शिकेल, अशी भीती त्या माणसाला नव्हती.

हिशेब आणि हट्ट

पण कंपनीत लवकरच खटके उडू लागले. भागीदारांना खर्चाचा मेळ हवा होता, सिनेमे वेळेवर हवे होते. फाळक्यांना प्रत्येक गोष्ट मनासारखी हवी होती, मग वेळ लागो की पैसा. यात भागीदारांचंच चुकलं असं म्हणता येत नाही. ज्याचा पैसा अडकलाय तो हिशेब विचारणारच. आणि फाळक्यांना व्यवहार कधीच जमला नाही, ही गोष्ट छापखान्याच्या वेळीच दिसली होती.

अखेर ते कंपनी सोडून बायको-मुलांसह काशीला निघून गेले. वय पन्नाशीच्या घरात. सिनेमाला रामराम ठोकला. पण स्वस्थ बसतील तर ते फाळके कसले! तिथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. ते रंगमंचावर आलं, पण चाललं नाही.

तिकडे फाळक्यांवाचून नाशिकच्या कंपनीचंही चालेना. 'संदेश'कार अच्युत बळवंत कोल्हटकर यांच्यासारख्यांनी परत या म्हणून गळ घातली आणि १९२२ मध्ये ते त्याच कंपनीत पगारावर परतले. ज्या कंपनीचे आपण मालक होतो तिथे पगारी माणूस म्हणून जायचं, याला मोठं मन लागतं. काम करायला मिळतंय ना, मग खुर्ची कुठली का असेना.

बोलपट आला आणि काळ पुढे गेला

१९३१ मध्ये 'आलम आरा' आला. सिनेमा बोलू लागला. फाळक्यांचा 'सेतुबंधन' मुका तयार झालेला, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. लोकांची आवडही बदलली होती. पुराणातल्या चमत्कारांपेक्षा गाणी आणि घरगुती गोष्टी हव्या होत्या. प्रभातसारख्या कंपन्या पुढे निघून गेल्या.

तरी कोल्हापूर सिनेटोनने बोलावल्यावर फाळक्यांनी 'गंगावतरण' हा बोलपट काढला. तो १९३७ मध्ये लागला तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. त्यांचा हा शेवटचा सिनेमा. गंगेला पृथ्वीवर आणण्यासाठी खपलेल्या भगीरथाची गोष्ट. सुरुवात हरिश्चंद्राने, शेवट भगीरथाने.

नंतरचे दिवस नाशिकलाच गेले. पैसा टिकवलाच नव्हता, त्यामुळे हाताशी फारसं उरलं नाही. ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला त्यात दुसरे लोक लखपती झाले, आणि पाया घालणारा विस्मरणात गेला. तरीही उतारवयात आणखी एक सिनेमा काढावा म्हणून त्यांनी परवानगीसाठी सरकारकडे अर्ज केल्याचं सांगतात. दुसरं महायुद्ध चालू होतं, फिल्मवर निर्बंध होते. परवानगी मिळाली नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. वय ७३.

मागे काय राहिलं

पंचवीस वर्षांत नव्वदहून अधिक मोठे सिनेमे आणि पंचवीसहून अधिक छोट्या फिती त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. त्यातले बहुतेक नष्ट झाले. जुनी फिल्म चटकन पेट घ्यायची, दमट हवेत खराब व्हायची आणि तेव्हा जपायची कोणाला गरजही वाटली नाही. उरलेत ते काही तुकडे. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नावाने सिनेमातला सर्वोच्च पुरस्कार देतं. पहिला मिळाला देविका राणी यांना. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी महापालिकेने त्यांचं स्मारक उभारलंय.

फाळक्यांना काय मिळालं असं विचारलं तर पैशाच्या बाजूला शून्य लिहावं लागेल. घरच्यांनी सोसलं ते वेगळंच. कामावर प्रेम करा, बाकी सगळं आपोआप होईल, असं त्यांच्या गोष्टीवरून कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. त्यांचं आपोआप काहीच झालं नाही. हिशेब ठेवायला हवा, घरच्यांच्या कष्टाला नाव द्यायला हवं, हेही त्यांच्याच आयुष्यातून शिकण्यासारखं आहे.

पण दुसरीही बाजू आहे. बायको-मूल गेल्यावर, नोकरी सुटल्यावर, डोळे गेल्यावर, पैसा बुडाल्यावर हा माणूस प्रत्येक वेळी पुन्हा उभा राहिला, तो कोणी बक्षीस देणार होतं म्हणून नव्हे. पुढच्या कामाची त्याला ओढ होती. आचाऱ्यात राणी, लेकीत कृष्ण, आगकाडीत खेळ आणि कुंडीतल्या वाटाण्यात सिनेमा बघणारे डोळे त्याच्याकडे होते. असे डोळे असलेल्या माणसाला दिवस कधी रिकामा जात नाही.

मोबाईलवर 'कालिया मर्दन' शोधला तर सापडतो. शेतातून आल्यावर, जेवणं झाली की घरातल्या पोरांना जवळ घेऊन तो एकदा लावावा. आवाज नाही, रंग नाही. त्र्यंबकच्या माणसाची लेक शंभर वर्षांपलीकडून हसते, आणि समोरची पोरंही हसायला लागतात.